‘पंपिंग तीस टक्के’ हे कळल्यावर चालण्याची चाचणी कशासाठी?

देवगड तालुक्यातील एका मुलाने आपल्या वडिलांविषयी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे आहेत आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. टू-डी इकोमध्ये हृदयाचे पंपिंग, म्हणजे ईएफ, ३० टक्के आले आहे. औषधे नियमित चालू आहेत आणि घरात वावरताना काही त्रास होत नाही, मात्र घरापासून रस्त्यापर्यंतची पाखाडी चढताना धाप लागते. डॉक्टरांनी मुंबईला जाऊन सीपीईटी ही व्यायाम चाचणी करून घ्यायला सांगितले आहे. इको झालेला असताना ही चाचणी कशासाठी, कमजोर हृदयाच्या माणसाला यंत्रावर चालवणे धोक्याचे नाही का, तिच्यावरून पुढचे भवितव्य खरोखर कळते का आणि मुंबईला जाणे जमलेच नाही तर काय करावे, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

कोकणात हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू न शकण्याच्या आजाराच्या, रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणून माझे उत्तर असे की तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज बांधताना, श्रमाच्या वेळी त्याचे शरीर किती ऑक्सिजन वापरू शकते हे मोजमाप ईएफच्या एकट्या आकड्यापेक्षा बरेच अधिक सांगून जाते. मात्र ही चाचणी योग्य वेळी, योग्य तयारीने आणि पुरेशा जोराने झाली नाही, तर हाती येणारा आकडा दिशाभूल करतो. म्हणून ती कशी करून घ्यावी हेही ती का करावी याइतकेच सविस्तर लिहीत आहे.

इको काढताना रुग्ण कुशीवर निवांत पडलेला असतो. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडते, एवढेच ईएफ सांगते. झटका आल्यावर हृदयाचे किती नुकसान झाले, कोणती औषधे द्यायची, तीन महिने पूर्ण उपचार करूनही ईएफ ३५ टक्क्यांवर गेले नाही तर आयसीडीसारखे (ठोके घातक रीतीने बिघडल्यास आतून विजेचा झटका देणारे) यंत्र बसवण्याचा विचार करायचा का, हे ठरवायला तो आकडा लागतोच, त्यामुळे त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ईएफ आणि माणसाची चालण्याची ताकद यांचा मेळ फारच सैल असतो. ईएफ २५ टक्के असलेला एखादा बागायतदार कलमांच्या बागेत दिवसभर फिरतो, तर ४० टक्के असलेला दुसरा अंगणातून माजघरात येईपर्यंत थांबतो. विहिरीवरचा पंप शेजारच्या टाकीत पाणी सोडताना सुरळीत चालला म्हणून तो डोंगरउतारावरच्या बागेपर्यंत पाणी चढवेलच असे नाही. ते भार पडल्यावरच कळते. श्रमात शरीराने वापरलेला ऑक्सिजन हा हृदयाने मिनिटाला पुढे ढकललेले रक्त आणि त्या रक्तातून स्नायूंनी काढून घेतलेला ऑक्सिजन यांचा गुणाकार असतो. त्यामुळे हृदयाची राखीव ताकद, नाडी वाढण्याची क्षमता, फुप्फुसांतील रक्ताभिसरण, रक्तातले हिमोग्लोबिन आणि पायांच्या स्नायूंची अवस्था या साऱ्यांचा एकत्रित हिशेब त्या एका आकड्यात उतरतो.

दुसरे कारण आपल्या माणसांच्या स्वभावाचे आहे. ‘त्रास काही नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाने पाखाडी चढणेच सोडलेले असते, वरच्या बागेत मुलाला पाठवायला सुरुवात केलेली असते, बाजारात जायला रिक्षा धरलेली असते. श्रम कमी केले की धाप लागत नाही आणि धाप लागत नाही म्हणून सारे ठीक वाटते. मी अशा वेळी रुग्णाच्या पत्नीला विचारतो की गेल्या शिमग्याला हे पालखीबरोबर कुठपर्यंत चालले होते आणि यंदा कुठपर्यंत गेले. तिच्या उत्तरात आणि रुग्णाच्या उत्तरात पुष्कळदा मोठी तफावत असते. मोजून केलेली चाचणी ही तफावत मिटवते.

आता प्रत्यक्ष चाचणीविषयी. सीपीईटीमध्ये रुग्ण ट्रेडमिलवर चालतो किंवा जागेवर बसवलेली सायकल चालवतो. तोंडानाकावर मास्क असतो आणि प्रत्येक श्वासातून किती ऑक्सिजन आत गेला व किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला हे यंत्र नोंदवते. सोबत ईसीजी, रक्तदाब आणि बोटावरचे ऑक्सिजन मापक चालू असते. भार हळूहळू वाढवत नेऊन आठ ते बारा मिनिटांत रुग्ण थकेल अशी आखणी करतात. थकण्याच्या टोकाला मिनिटाला, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरला गेला त्याला पीक व्हीओटू म्हणतात. कार्ल वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याच आकड्यावरून हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची वर्गवारी मांडली, ती आजही वापरात आहे: २० च्या वर असेल तर क्षमता जवळपास ठीक, १६ ते २० सौम्य ते मध्यम घट, १० ते १६ मध्यम ते तीव्र घट आणि १० च्या खाली तीव्र घट.

या आकड्याला भवितव्याशी ठामपणे जोडणारे काम डोना मॅन्चिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. हृदय प्रत्यारोपणासाठी तपासल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांचा पीक व्हीओटू १४ पेक्षा जास्त होता त्यांच्यातील ९४ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते. ज्यांचा १४ किंवा त्याहून कमी होता, पण हृदयाबाहेरच्या इतर आजारामुळे ज्यांचे प्रत्यारोपण करता येत नव्हते, त्यांच्यात हेच प्रमाण ४७ टक्के होते. यातून कोणाचे प्रत्यारोपण निर्धास्तपणे पुढे ढकलता येते हे कळले, आणि माझ्या मते त्या अभ्यासाचे खरे मोल तेच आहे. मात्र ते आकडे वाचून घाबरून जाऊ नका, कारण तो काळ नाडी मंदावून हृदयावरचा ताण कमी करणारी बीटा ब्लॉकर ही औषधे हार्ट फेल्युअरमध्ये सर्रास दिली जाण्याच्या आधीचा होता. बीटा ब्लॉकरमुळे पीक व्हीओटू फारसा वाढत नाही, पण आयुष्य निश्चित वाढते. म्हणून तोच आकडा आज तेवढा वाईट मानला जात नाही आणि सीमारेषा खाली आणावी लागली. आंतरराष्ट्रीय हृदय-फुप्फुस प्रत्यारोपण संस्थेच्या २०१६ च्या निकषांनुसार बीटा ब्लॉकर घेणाऱ्यासाठी ही रेषा १२ आणि ते सहन न होणाऱ्यासाठी १४ आहे. पन्नाशीच्या आतील रुग्ण आणि स्त्रिया यांच्या बाबतीत वय व लिंगानुसार अपेक्षित क्षमतेच्या ५० टक्के किंवा त्याहून कमी, हा निकषही सोबत पाहावा, असे त्यात म्हटले आहे. केवळ या एका आकड्यावर कोणाचेही नाव प्रत्यारोपणाच्या यादीत घालू नये, हेही तेच निकष स्पष्टपणे सांगतात.

याच चाचणीतून मिळणारा दुसरा आकडा मला तितकाच, काही रुग्णांत तर अधिक, उपयोगी वाटतो. शरीरातून ठरावीक कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी किती हवा आत-बाहेर करावी लागते त्याचा हा उतार असतो. अहवालात तो व्हीई-व्हीसीओटू स्लोप या नावाने येतो. निरोगी माणसात तो साधारण ३० च्या आत असतो. हृदय दुबळे झाले की फुप्फुसाच्या काही भागांत हवा पोचते पण रक्त पुरेसे पोचत नाही, स्नायूंत लॅक्टिक ॲसिड लवकर साठते आणि श्वासाचे नियंत्रण करणारी यंत्रणा अतिसंवेदनशील होते. परिणामी तेवढ्याच कामाला कितीतरी जास्त श्वास घ्यावे लागतात. हा उतार ३६ च्या पुढे गेला तर जोखीम वाढलेली समजतात आणि ४५ च्या पुढे ती फार गंभीर असते. याचा मोठा फायदा असा की गुडघे दुखतात म्हणून जो रुग्ण पूर्ण थकेपर्यंत चालू शकत नाही, त्याच्याबाबतीतही हा आकडा बऱ्यापैकी विश्वासार्ह राहतो. शिवाय श्रमाच्या वेळी श्वास लाटेसारखा कमी-जास्त होत राहणे, रक्तदाब अपेक्षेप्रमाणे न चढणे आणि थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी नीट खाली न येणे याही वाईट खुणा आहेत. इटलीतील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेल्या मेकी स्कोअरमध्ये पीक व्हीओटू आणि हा उतार यांच्या जोडीला हिमोग्लोबिन, सोडियम, मूत्रपिंडाचे कार्य आणि ईएफ धरले आहे. एकाच आकड्यावर भिस्त न ठेवता सगळे मिळून पाहण्याची ही पद्धत मला पटते.

अहवाल हातात आला की आधी एक गोष्ट पाहा: श्रम पुरेसे झाले होते का? बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि घेतलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर, म्हणजे आरईआर, चाचणीच्या शेवटी १.०५ च्या वर, शक्यतो १.१० पर्यंत गेलेले असावे. ते ०.९५ वर असताना चाचणी थांबली असेल, तर पीक व्हीओटू ११ आला म्हणून हृदय तेवढे खराब आहे असे म्हणता येत नाही. रुग्ण घाबरून, मास्कला कंटाळून किंवा पाय दुखले म्हणून आधीच थांबला, एवढेच त्यातून कळते.

आपल्याकडच्या रुग्णांत निकाल बिघडवणारे आणखी एक कारण मी वारंवार पाहतो आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नसते. रात्रीच्या बसने किंवा गाडीने मुंबईला जायचे म्हटले की वाटेत सारखे उठावे लागू नये म्हणून रुग्ण आदल्या दिवसापासून लघवीची गोळी बंद करतो. त्यात प्रवासात पोहे, फरसाण, लोणचे असे खारट खाणे होते, रात्रभर पाय लोंबकळत राहतात आणि सकाळी सुजलेल्या पायांनी, न झोपलेला माणूस ट्रेडमिलवर उभा राहतो. पीक व्हीओटू दर किलो वजनाने भागलेला असल्यामुळे अंगात साठलेले दोन-तीन किलो पाणीही आकडा खाली ओढते, आणि धाप लवकर लागते ती वेगळीच. म्हणून निदान एक दिवस आधी पोचावे, गोळ्या एकही न चुकवता घ्याव्यात आणि वजन घरच्या नेहमीच्या वजनाइतके आहे ना ते पाहूनच चाचणीला उभे राहावे. घरी सुके बोंबील किंवा खारा बांगडा नियमाने जेवणात असेल, तर तोही आठवडाभर आधीपासून बाजूला ठेवलेला बरा. खरे तर या आजारात तो कायमचाच कमी व्हायला हवा.

हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा चाचणीआधी तपासून घ्यावा. रक्त कमी असेल तर ऑक्सिजन वाहून नेणारी साधनेच कमी पडतात आणि दोष विनाकारण हृदयाला लागतो. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, १०० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेअर-एचएफ अभ्यासात अशा रुग्णांना शिरेतून लोह दिल्यावर त्यांचे सहा मिनिटांत चालण्याचे अंतर वाढलेले दिसले. दमा किंवा सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार, अनियमित ठोके, लठ्ठपणा या गोष्टीही आकड्यावर परिणाम करतात आणि त्या डॉक्टरांना आधी सांगायला हव्यात.

येथे एक घोळ टाळा. गावाजवळच्या केंद्रात होणारी नेहमीची स्ट्रेस टेस्ट, म्हणजे टीएमटी, ही या चाचणीची जागा घेऊ शकत नाही. तिचा मुख्य हेतू हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्याचा माग काढणे हा असतो. तिच्यात ऑक्सिजन मोजला जात नाही. ट्रेडमिलचा वेग आणि चढ यांवरून सूत्राने क्षमता काढतात आणि ती हार्ट फेल्युअरमध्ये खऱ्यापेक्षा जास्त येते, दांडा घट्ट धरून चालल्यास तर आणखीच. शिवाय नेहमीच्या ब्रूस पद्धतीचा पहिलाच टप्पा ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ असा असतो, ज्याला साधारण ५ मेट क्षमता लागते (एक मेट म्हणजे निवांत बसलेले असताना लागणारा ऑक्सिजन, दर किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर). पीक व्हीओटू १४ म्हणजे ४ मेट. तेव्हा ज्याच्याबद्दल आपल्याला खरी काळजी आहे तो रुग्ण पहिल्याच टप्प्यात गळतो आणि त्यातून काही बोध होत नाही.

मुंबई जमत नसेल तर काय, याचे माझे उत्तर मात्र आशादायक आहे. सहा मिनिटे चालण्याची चाचणी कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी, यंत्राशिवाय होऊ शकते आणि हार्ट फेल्युअरमध्ये ती १९८५ पासून वापरली जात आहे. सॉल्व्ह या मोठ्या प्रकल्पातील ८९८ रुग्णांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा मिनिटांत ३०० मीटरही न चालू शकलेल्यांपैकी १०.२३ टक्के रुग्ण सरासरी २४२ दिवसांच्या काळात दगावले, तर ४५० मीटर किंवा अधिक चाललेल्यांत हे प्रमाण २.९९ टक्के होते. पहिल्या गटातील रुग्णांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळही दुपटीने आली. इतक्या साध्या चाचणीतून एवढे कळत असताना ती आपल्याकडे इतकी कमी केली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिची शिस्त मात्र पाळावी लागते. ३० मीटर लांब, सपाट, आडवी पडवी किंवा कॉरिडॉर लागतो. दोन्ही टोकांना वळण्यासाठी खूण ठेवायची आणि दर तीन मीटरवर जमिनीवर रेघ मारायची. पावसाळ्यात ओल्या लादीवर किंवा मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली ही चाचणी घेऊ नये. सकाळची वेळ, नेहमीच्या चपला आणि हलकी न्याहारी हे उत्तम. रुग्णाला ‘सहा मिनिटांत जमेल तेवढे जास्तीत जास्त अंतर चाला, दम लागला तर थांबा, पुन्हा जमेल तेव्हा चालायला लागा’ एवढेच सांगायचे. तपासनीसाने बरोबरीने चालायचे नाही, कारण रुग्ण नकळत त्याच्या वेगाशी वेग जुळवतो. दर मिनिटाला ठरलेल्या शब्दांत वेळ सांगायची, त्यात जोश भरायचा नाही, कारण ओरडून प्रोत्साहन दिले तर अंतर वाढते आणि पुढच्या वेळी तुलना करता येत नाही. थांबला तरी घड्याळ थांबवायचे नाही. अंतराबरोबर सुरुवातीची व शेवटची नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि तो किती वेळा थांबला तेही लिहून ठेवायचे. पहिल्या वेळी सवय नसल्याने अंतर थोडे कमी येते, म्हणून शक्य असेल तर एकदा सराव द्यावा. पुढच्या खेपेला ३० मीटरच्या आसपास किंवा अधिक फरक दिसला तरच तो खरा बदल समजावा. दहा-बारा मीटर इकडे-तिकडे होतच असतात. चांगल्या स्थितीतल्या रुग्णांत, म्हणजे ४५० मीटरच्या पुढे चालणाऱ्यांत, ही चाचणी बारीक फरक दाखवू शकत नाही. तेथे सीपीईटीच लागते.

धोक्याविषयीची तुमची काळजी रास्त आहे. एचएफ-ॲक्शन या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशाच दुबळ्या हृदयाचे रुग्ण होते. त्यांतील २०३७ रुग्णांच्या ४४११ व्यायाम चाचण्यांत चाचणीमुळे एकही मृत्यू झाला नाही. गंभीर स्वरूपाचा हृदयतालाचा बिघाड दोन वेळा झाला. अर्थात या चाचण्या स्थिर रुग्णांवर, ईसीजी पाहत, झटका देणारे यंत्र शेजारी ठेवून प्रशिक्षित माणसांनी केलेल्या होत्या. अलीकडेच झटका आलेला असेल, विश्रांतीतही छातीत दुखत असेल, पायांवर सूज व झोपल्यावर धाप असेल, ठोके आटोक्यात नसतील किंवा महाधमनीची झडप त्रास देण्याइतकी अरुंद असेल, तर चाचणी पुढे ढकलावी किंवा करूच नये.

भवितव्य कळते का, या प्रश्नाला मी सावधपणे उत्तर देतो. चाचणी गटाची जोखीम सांगते. तुमच्या वडिलांना किती वर्षे आहेत हे ती सांगत नाही आणि कोणी तसे सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. तिचा उपयोग निर्णयासाठी आहे. औषधांचे डोस अजून वाढवता येतील का, प्रत्यारोपणाच्या केंद्रात वेळेवर नोंद करायची का, की निश्चिंतपणे सहा महिने थांबायचे, हे त्यातून ठरते. शिवाय हा आकडा बदलतो. एचएफ-ॲक्शनमध्येच, ज्यांचा पीक व्हीओटू तीन महिन्यांत वाढला, त्यांच्यात प्रत्येक ६ टक्के वाढीमागे मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याची जोखीम ५ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी पुढीलप्रमाणे जाईन. प्रथम चारही गटांतील औषधे, म्हणजे बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, सोसतील तेवढ्या डोसात चालू आहेत का ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून पाहा. डोस अर्धवट असताना केलेली चाचणी उपचारांची कमतरता मोजते. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन, सोडियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. याच आठवड्यात जवळच्या रुग्णालयात सहा मिनिटांची चाचणी करून अंतर फाइलमध्ये लिहून घ्या. ते ३०० मीटरच्या खाली आले तर मुंबईची सीपीईटी लांबणीवर टाकू नका. ४०० च्या आसपास असेल आणि वजन, सूज, झोप ठीक असेल, तर डोस स्थिर झाल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, सीपीईटीसाठी जाणे योग्य ठरेल. अहवाल घेताना फक्त ‘नॉर्मल’ किंवा ‘कमी’ असा शेरा न घेता पीक व्हीओटू, अपेक्षित क्षमतेच्या किती टक्के, व्हीई-व्हीसीओटूचा उतार, शेवटचा आरईआर आणि चाचणी कशामुळे थांबली, हे सर्व छापील मागून घ्या. चाचणीच्या दिवसाचे वजन आणि त्या दिवशी चालू असलेल्या गोळ्यांचे डोस त्याच कागदावर पेनाने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करताना दुसऱ्या कोणत्याही कागदापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.